परव्हेपोरेशन युनिट: मेम्ब्रेन उत्तम, गॅस्केटने घात केला

आमचं परव्हेपोरेशन युनिट सॉल्व्हंटमधलं पाणी मेम्ब्रेनच्या पडद्यातून वाफेच्या रूपात काढतं. त्याच्या परमिएटच्या, म्हणजे पडद्यापलीकडे निघालेल्या द्रवाच्या, ड्रमला आयपीएचा (आयसोप्रोपिल अल्कोहोलचा) वास यायला लागला, तेव्हाच पोटात गोळा आला. जिथे फक्त पाणी उतरायला हवं, तिथे पैसे मोजून आणलेलं सॉल्व्हंट वाहून चाललं होतं. सर्व्हिसवाल्यांनी फोनवरच निकाल दिला: मेम्ब्रेन गेलं, अख्खा स्टॅक (मेम्ब्रेन प्लेटांची चळत) बदला. संध्याकाळपर्यंत कोटेशनही हजर. आम्ही मॉड्यूल उघडायला लावलं. एका प्लेटचं गॅस्केट फुगून सरकलं होतं. तेवढं बदललं आणि वास गेला.

म्हणून घेणाऱ्यांना कळकळीने सांगतो, गॅस्केट कशाचं आहे ते ऑर्डरआधी लेखी घ्या. सुटं मिळतं का, किती दिवसांत मिळतं, तेही. मेम्ब्रेनचा वरचा पीव्हीएचा (पॉलिव्हिनाइल अल्कोहोलचा) थर, खालचा पॅनचा (पॉलिॲक्रिलोनायट्राइलचा) आधार यावर ब्रोशरमध्ये पानंच्या पानं आहेत. गॅस्केटवर एक ओळ नाही. प्लांट मात्र त्याच्यासाठी बंद पडतो.

मेम्ब्रेनबद्दल माझं मत आता पार बदललंय. सुरुवातीला फार चिडचिड व्हायची. पाणी आधी भराभर उतरायचं, आणि एक-दीड टक्क्यावर आलं की केएफचा (कार्ल फिशर, पाणी मोजण्याची चाचणी) आकडा हलायचाच नाही. पण ते तसंच असणार. पीव्हीए पाणी शोषून घेतं, ते पलीकडे व्हॅक्यूममध्ये वाफ होऊन निघतं. फीडमध्ये पाणीच उरलं नाही तर ओढ कुठून येणार? शिवाय पाण्याची वाफ व्हायला लागणारी उष्णता फीडमधूनच जाते, म्हणून मधले हीटर नीट चालले पाहिजेत. आणि चिलर! उन्हाळ्यात परमिएट कंडेन्सर थंड राहिला नाही की व्हॅक्यूम ढासळतो आणि शिव्या मेम्ब्रेनला बसतात.

पैशांचं म्हणाल तर, आयपीए ८७-८८ टक्क्यांवर अडतं, साधं डिस्टिलेशन त्यापुढे नेत नाही. पूर्वी आम्ही सायक्लोहेक्झेन घालून उरलेलं पाणी वेगळं करायचो. आता सायक्लोहेक्झेन विकत आणणं नाही, साठवणं नाही, रिकव्हर झालेल्या आयपीएत त्याचा अंश शोधत बसणं नाही. स्टीमही कमी लागते. माझ्या दृष्टीने एवढ्यावरच युनिट घेण्यासारखं आहे.

डीएमएफ (डायमिथाइलफॉर्मामाइड) किंवा ॲसिड असलेलं मदर लिकर (स्फटिक काढून उरलेला द्रव) मात्र यात चुकूनही सोडू नका, मेम्ब्रेन कामातून जाईल.

दुसरं युनिट घ्यायचं ठरतंय. त्याच्या पीओत (खरेदी ऑर्डरीत) सुट्या गॅस्केटचा पूर्ण संच लिहून घेतल्याशिवाय ॲडव्हान्स सोडायचा नाही, असं पर्चेसला सांगून ठेवलंय.