ओपनस्ट्रीटमॅपची चेंजसेट-चर्चा: वाद मिटवायला पुरते का?

ओपनस्ट्रीटमॅप या कुणालाही बदलता येणाऱ्या खुल्या नकाशात 2014 पासून प्रत्येक चेंजसेटखाली (एकत्र जतन केलेल्या बदलांच्या गठ्ठ्याखाली) प्रतिक्रिया लिहिता येते. बदल करणाऱ्याला ईमेल जातो. सोय उत्तम, पण ईमेल स्पॅममध्ये गेला की समोरचा गप्प, आणि आपण उगाच चिडतो. बेळगाव-बेळगावीसारख्या वादात मुख्य ‘नेम’ टॅगची (नावाच्या नोंदीची) ओढाताण नको: तिथे जागेवरच्या पाटीवरचं नाव, मराठी नाव ‘नेम:एमआर’मध्ये. पाटीच्या फोटोची लिंक द्या, निम्मा वाद तिथेच संपतो. जोसम या नकाशा-एडिटरच्या, बदल मागे फिरवणाऱ्या रिव्हर्टर प्लगइनला लगेच हात घालू नका. मधे इतरांनी त्याच वस्तू बदलल्या असल्या तर कॉन्फ्लिक्ट निस्तरत बसावं लागतं. उलटापालट थांबेनाच, तर चेंजसेट क्रमांकांसह असे वाद हाताळणाऱ्या डेटा वर्किंग ग्रुपला कळवा. त्यांचा शून्य तासांचा ब्लॉक भारी: संदेश वाचल्याशिवाय एडिटिंग बंद. मंडळी स्वयंसेवक आहेत, उत्तराला वेळ लागतो.