सहकाऱ्याशी बोलावे की समुपदेशकाशी?

हिवाळी अधिवेशनाच्या बंदोबस्तात तासन्‌तास उभ्या राहणाऱ्या नागपूरच्या पोलिसाला सर्वांत जवळचा आधार असतो तो शेजारच्या सहकाऱ्याचा. नाकारलेल्या रजेचा सल किंवा मृतदेहाचा पंचनामा करून आल्यावर घशाखाली न उतरणारा घास त्याला समजावून सांगावा लागत नाही. मात्र गोष्ट ठाण्यात पसरण्याची धास्ती राहतेच. याउलट टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर समुपदेशकाशी चोवीस तास मोफत बोलता येते आणि मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ ने गोपनीयतेचा हक्क दिला आहे. खाकीतले जगणे थोडे उलगडून सांगावे लागते, इतकेच. रोजच्या ताणासाठी मी सहकाऱ्यालाच पसंती देईन. पण झोप उडाली, दारू वाढली किंवा जीव नकोसा वाटू लागला, तर शस्त्र जमा करून त्याच दिवशी तज्ज्ञ गाठावा आणि सहकाऱ्याने सोबत जावे.