पणजोबांचं बायबल ‘नवं’ करून देणारा माणूस

१८९९-१९०० च्या दुष्काळात माझे पणजोबा पोरके होऊन नगरच्या मिशनमध्ये आले. आमच्या घरातलं मराठी बायबल त्यांचं. पुढच्या कोऱ्या पानांवर त्यांनी आपल्या बाप्तिस्म्याची तारीख लिहिली, मग लग्न, मग मुलांचे जन्म. १९१८ च्या इन्फ्लुएन्झात आठ दिवसांत गेलेल्या दोन मुलींची नावं तिथेच होती. त्या मुलींचा फोटो नाही, कबरीवर दगड नाही. त्या होत्या, एवढं सांगणाऱ्या दोनच ओळी. नाताळच्या संध्याकाळी आजी ती पानं मोठ्याने वाचायची.

पुस्तकाची पाठ सुटली होती, चामड्याची लाल भुकटी हाताला लागायची, कडा कसरीने खाल्ल्या होत्या. उपासनेनंतर मंडळीतल्या एका ओळखीच्या बाईंनी एका माणसाची गाठ घालून दिली. दिल्लीला जुन्या कागदपत्रांच्या जतनाचं शिक्षण घेतलंय, असं तो म्हणाला. जपानी कागद, गव्हाची खळ, जुजबंदी (दुमडलेल्या पानांचे गठ्ठे दोऱ्याने शिवणं), सगळे शब्द त्याच्या तोंडी अचूक होते, आणि मी त्यावरच विसंबले. २२,००० ठरले, १५,००० रोख आगाऊ दिले. पावती घेतली नाही. सहा आठवड्यांचे सात महिने झाले.

परत आलं ते चकचकीत रेक्झिनमध्ये, वर सोनेरी क्रूस. पानं पांढरीफेक, उग्र वास येणारी. कडा कटिंग मशीनवर सरळ कापलेल्या, त्यात आजोबांनी समासात लिहिलेली टिपणं अर्धी गेली. उत्पत्तीची सुरुवातीची पानं प्लॅस्टिकच्या लॅमिनेशनमध्ये. मी आधी पुढची पानं उघडली. ती नव्हतीच.

“ताई, ती कोरी पानं पार सडली होती, टाकून दिली. छापील मजकूर सगळा आहे ना?” तो म्हणाला. जुनं चामडंही टाकलं होतं. त्यानंतर त्याने फोन उचलला नाही. पोलिसांत अर्ज दिलाय, पण दाखवायला माझ्याकडे कागद काहीच नाही.

मुंबईत कागद-जतनाचं काम करणाऱ्या एका बाईंना मी ते पुस्तक दाखवलं. गरम लॅमिनेशन कागदाला इजा न होता निघणं जवळपास अशक्य, हे त्यांनी पहिल्यांदा सांगितलं. फर्म्यांच्या, म्हणजे एकत्र दुमडून शिवलेल्या पानांच्या गठ्ठ्यांच्या, घड्या कापून सुटी पानं पांढऱ्या गोंदाने चिकटवल्यामुळे पुस्तक आता सपाट उघडत नाही. जोर केला की पान सुटतं. जुनी शाई बहुतेक लोहाची असते. ब्लीचने ती उडते, म्हणून नीट काम करणारा आधी कोपऱ्यातल्या एका ठिपक्यावर शाई तपासतो. गव्हाची खळ वापरायची ती पुढे ओलाव्याने सोडवता येते म्हणून. मूळ पुठ्ठा पुन्हा चढवता आला नाही तरी वेगळा बांधून मालकाला परत द्यायचा असतो. यातलं एकही काम त्याने केलं नव्हतं, नावं मात्र सगळी घेतली होती.

त्या बाईंनी आणखी एक सांगितलं, ते मला फार लागलं: आमच्या बायबलला दुरुस्तीची घाईच नव्हती. आम्लविरहित पुठ्ठ्याची मापाची पेटी, सुती फीत, कोरडं कपाट, एवढ्यावर ते वर्षानुवर्षं टिकलं असतं.

म्हणून कळकळीने सांगते. पुस्तक घराबाहेर नेण्याआधी प्रत्येक पानाचा फोटो काढा, कोऱ्या पानांचाही. पानं मोजून आकडा लिहून घ्या, काय करणार आणि काय काढणार हे सहीनिशी घ्या. त्याच्या कामाच्या जागी जाऊन अर्धवट झालेलं एखादं पुस्तक बघा. मी ते कधी मागितलंच नाही. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जतन केंद्र आहे, वारसा जतन करणाऱ्या इंटॅक या संस्थेच्याही प्रयोगशाळा आहेत. तिथे आधी विचारा. सेलोटेप तर स्वतःही लावू नका.

एका चुलतभावाकडे जुन्या नाताळचा एक फोटो सापडलाय. आजीच्या मांडीवर ते पान उघडं आहे. मोठं करून पाहिलं तर सहा नावं वाचता येतात. मुलींपैकी एकीचं आहे, दुसरीचं आजीच्या बोटाखाली गेलंय. आत्याला ते आठवतं का, हे विचारायला या रविवारी राहुरीला जाणार आहे.