कोर्ट की वर्तुळ?

कॅनडातल्या आदिवासी बाईवर घरातच अत्याचार झाला, तर न्याय कुठे मागायचा: कोर्टात, की वर्तुळात, म्हणजे पीडित, आरोपी, नातलग आणि वस्तीतले लोक एकत्र बसून तोडगा काढतात तिथे? समाजकार्य शिकणाऱ्या भाचीचा प्रश्न.

सुरक्षितता आधी. कोर्ट आरोपीला दूर ठेवू शकतं. वर्तुळात तो, त्याचे नातलग समोरच बसतात. छोट्या वस्तीत बाईचा 'होकार' कितपत मोकळा? माझं घोडं इथंच अडतं.

त्रास म्हणाल तर कोर्टात उलटतपासणी, कधी तर लेकराचीही. मॅनिटोबा प्रांतातल्या हॉलो वॉटर या आदिवासी वस्तीनं १९८०च्या दशकात लैंगिक अत्याचारांसाठी वर्तुळ सुरू केलं, तिथे आधी गुन्हा कबूल करावा लागे. फुकटची माफी नव्हे.

पोलीस-कोर्टावर विश्वास? आदिवासी मुलांना घरापासून तोडणाऱ्या निवासी शाळांसाठी मुलं उचलून नेण्यात पोलीसच होते.

जिवाला धोका असेल तर कोर्टच. त्यानं कबुली दिली, तिला स्वतःला हवं असेल आणि तिच्या बाजूचं कुणी सोबत असेल, तर वर्तुळ.