स्पर्शातून राहिलेल्या पेशी दाखवणारा रंग : बेळगावच्या प्रयोगशाळेतील काही महिन्यांच्या वापरानंतर

बेळगावातील आमच्या महाविद्यालयाच्या न्यायसहायक विज्ञान विभागात डायमंड न्यूक्लिइक ॲसिड डाय हा डीएनएला चिकटून निळ्या प्रकाशात चमकणारा रंग आणि त्यासोबत संगणकाला जोडता येणारा हातातला फ्लुरोसन्स सूक्ष्मदर्शक उन्हाळ्यापासून नियमित वापरात आहे. स्वॅब, म्हणजे नमुना टिपून घेणारी कापसाच्या टोकाची काडी, नेमका कुठे फिरवायचा, एवढ्या एकाच प्रश्नाचे उत्तर हा रंग देतो. पण स्पर्शातून मागे राहणाऱ्या डीएनएच्या बाबतीत सगळी अडचण त्याच प्रश्नापाशी येऊन थांबते, म्हणून मला हे साधन मोलाचे वाटते.

हाताळलेल्या वस्तूंवरून डीएनए प्रोफाइल, म्हणजे व्यक्तीची ओळख पटवणारा डीएनएचा आराखडा, मिळू शकते, हे व्हॅन ऊरशॉट आणि जोन्स यांनी 1997 मध्ये 'नेचर'मध्ये दाखवून दिले. मात्र माणसाच्या एका पेशीत जेमतेम 6 ते 7 पिकोग्रॅम डीएनए असतो, आणि असे प्रोफाइल काढणाऱ्या नेहमीच्या एसटीआर किटला चांगल्या निकालासाठी 500 पिकोग्रॅम ते 1 नॅनोग्रॅम (म्हणजे 1000 पिकोग्रॅम) लागतो. त्यातच त्वचेच्या सर्वांत वरच्या थरातील बहुतेक पेशींचे केंद्रक नष्ट झालेले असते. अशा स्थितीत कोयत्याची सगळी मूठ अंदाजाने पुसून काढली, तर एकाच स्वॅबवर अनेकांचा डीएनए मिसळतो आणि हवा तो त्या गर्दीत हरवतो.

रंग दहा हजार पट तीव्रतेचा येतो. तो 75 टक्के इथेनॉलमध्ये वीस पट तीव्रता उरेपर्यंत पातळ करून बारीक फवारायचा, म्हणजे 500 मायक्रोलिटरला 1 मायक्रोलिटर पुरतो. फवारा वाळला की खोलीत अंधार करून निळ्या प्रकाशाखाली, फिल्टरमधून पाहायचे. अडलेडच्या फ्लिंडर्स विद्यापीठात एड्रियन लिनाकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही पद्धत बसवली. रंगामुळे पुढच्या पीसीआरमध्ये, म्हणजे डीएनएच्या प्रती वाढवण्याच्या टप्प्यात, म्हणण्यासारखा अडथळा येत नाही, आणि याच गुणामुळे ती प्रत्यक्ष कामाची ठरली आहे.

सरावासाठी घेतलेल्या एका जुन्या लोखंडी कुलपाचे उदाहरण देतो. विद्यार्थी सवयीने कुलपाच्या सपाट अंगावर स्वॅब फिरवीत होते. रंग फवारल्यावर तेथे मोजके हिरवे ठिपके दिसले. दाट पुंजका होता तो कडी अंगात शिरते त्या खाचेच्या काठाला आणि किल्लीच्या भोकाच्या उंच कडेवर, म्हणजे जेथे बोट घासले जाते तेथे. त्यानंतर आम्ही लहान टोकाचा स्वॅब फक्त त्या कडेवरून ओला आणि मग कोरडा असा दोनदा फिरवू लागलो. काच, प्लॅस्टिक, मोबाइलचे कव्हर, स्टीलचा डबा यांवर रंगाचे काम असेच स्वच्छ होते.

इतर पृष्ठभागांवर मात्र सांभाळून राहावे लागते. उद्यमबागेतील कारखान्यांत वापरली जाणारी हत्यारे तेलकट असतात. ते तेल स्वतःच चमकते आणि फवारा नीट बसू देत नाही. सुती कापडावर धाग्यांच्या चमकीत पेशी ओळखू येत नाहीत, तेथे चिकटपट्टीने उचलणेच बरे. सर्वांत जास्त त्रास पावसाळ्यात झाला. खानापूर, जांबोटीकडच्या दमट हवेत राहिलेल्या विळ्याकोयत्यांच्या लाकडी मुठी आम्ही तपासल्या, तेव्हा साऱ्या मुठीवर बारीक चमक पसरलेली होती, कारण हा रंग कोणत्याही डीएनएला चिकटतो, मग तो माणसाचा असो, जिवाणूचा असो वा बुरशीचा. वस्तू प्लॅस्टिकच्या पिशवीत न ठेवता वाळवून कागदी पाकिटात ठेवण्याचा जुना नियम या भागात का पाळलाच पाहिजे, हे तेव्हा विद्यार्थ्यांनी डोळ्यांनी पाहिले.

ठिपके दिसले म्हणजे पेशी आहेत. त्या कोणाच्या, कधीच्या आणि कशा आल्या, हे त्यावरून ठरत नाही. हात धुऊन ठरावीक वेळाने काचपट्टीवर अंगठे उमटवून घेतले, तर एकाच वर्गातील काहींच्या ठशात ठिपक्यांची दाटी असते आणि काहींच्या ठशात तुरळक. शिवाय डीएनए हातोहात पुढे जातो. 2012 मध्ये कॅलिफोर्नियात ल्यूकिस अँडरसन याचा डीएनए खून झालेल्या व्यक्तीच्या नखांवर सापडला, पण त्या रात्री तो रुग्णालयात होता. दोघांनाही हाताळणाऱ्या त्याच वैद्यकीय कर्मचाऱ्यांमार्फत त्याचा डीएनए तेथे पोहोचला होता. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार सात वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायसहायक तज्ज्ञाने घटनास्थळी जाणे अपेक्षित असल्यामुळे, जिल्ह्याजिल्ह्यांत तयार होणाऱ्या नव्या मुलामुलींना हे प्रकरण सविस्तर शिकवले जावे, असे मला मनापासून वाटते.

प्रत्येक नव्या बाटलीचा पहिला फवारा आम्ही कोऱ्या काचपट्टीवर मारतो आणि न वापरलेला एक स्वॅबही तपासणीला लावतो. युरोपात चाळीसच्या आसपास गुन्ह्यांत एकाच अज्ञात स्त्रीचा डीएनए सापडत राहिला, आणि 2009 मध्ये तो डीएनए स्वॅब तयार करणाऱ्या कामगार स्त्रीचा निघाला. निर्जंतुक स्वॅब डीएनएमुक्त असतोच असे नाही. खरेदी करताना असे साहित्य मानवी डीएनएपासून मुक्त ठेवण्यासाठीच्या 2016 च्या आयएसओ 18385 मानकाचा उल्लेख पाहून घ्यावा.

उलट बाजूनेही एक काळजी घ्यावी. घामातून आलेला, पेशीबाहेरचा डीएनए ठिपक्यांच्या रूपाने दिसत नाही. म्हणून ठिपके दिसले नाहीत तरी हात लागण्याचा संभव असलेल्या जागेचा स्वॅब घ्यावाच, आणि नोंदवहीत 'डीएनए नाही' असे न लिहिता 'पेशी दिसल्या नाहीत' एवढेच लिहावे.