ड्राइव्हरॅक पीए2 : टेम्पोवरच्या सेटअपसाठी घ्यावा का?

खानापूर, निपाणी भागात लग्नं आणि मिरवणुका वाजवणाऱ्यांसाठी लिहितोय. अ‍ॅम्प्लिफायरवर लाख घालता, पण मिक्सर आणि अ‍ॅम्प्लिफायरच्या मध्ये प्रोसेसर (आवाज वाटून, सांभाळून पुढे देणारं यंत्र) नसेल तर बेसच्या पेट्या आणि टॉप (वरच्या सुरांच्या पेट्या) एकमेकांशी भांडतच राहतात. मी डीबीएक्स कंपनीचा ड्राइव्हरॅक पीए2 हा प्रोसेसर वापरतो. 2 इनपुट, 6 आउटपुट, रॅकमध्ये एकाच खणात बसतो.

सगळ्यात मोलाचा त्याचा लिमिटर, म्हणजे आवाज ठरलेल्या मर्यादेपुढे जाऊ न देणारी सोय. वरात रंगात आली की मिक्सरचे लाल दिवे पेटणारच, पोरं ऐकत नाहीत. तेव्हा स्पीकरची कॉइल जळण्यापासून वाचवतो तो हाच. आपल्याकडच्या पेट्या बहुतेक गावातच बांधलेल्या, त्यामुळे यंत्रातल्या तयार यादीत त्या सापडत नाहीत. स्पीकरच्या कागदावरचे आकडे बघून क्रॉसओव्हर (बेस कुठे संपतो आणि टॉप कुठे सुरू होतो ती सीमा) हातानं लावा. माझा 100 हर्ट्झवर आहे, उतार (सीमेपलीकडचा आवाज किती झपाट्यानं कापायचा ते) दर सप्तकाला 24 डीबीचा.

डिले, म्हणजे आवाज किंचित उशिरा सोडणं, कुणी लावतच नाही, याचं मला फार वाईट वाटतं. टॉप टेम्पोवर आणि बेस 2 मीटर पुढे असेल, तर बेसला जवळपास 6 मिलिसेकंद द्या. ठोका कसा एकत्र बसतो बघा!

ऑटो-ईक्यूचा (जागेनुसार आवाज आपोआप जुळवण्याचा) माइक वेगळा घ्यावा लागतो. बेळगावातल्या पत्र्याच्या मंगल कार्यालयात तो कामाचा, चालत्या मिरवणुकीत नाही. मोबाइलवरून चालवायचं तर मागच्या इथरनेटला छोटा राउटर जोडा. दोनच पेट्यांचा सेट असेल, तर मात्र एवढा खर्च नको.