दोन रात्रींची सुटी: नागपूर की हैदराबाद?

शेजारची सून परवा वहीचं एक पान घेऊन आली. "काकू, कापसाची पहिली वेचणी झाली, दुसरीले अजून पंधरा दिवस आहेत. लेकराईले शहर दाखवू म्हणतात हे. नागपूरले जाव का हैदराबादले?"

पानाच्या एका बाजूला नागपूरची 11 ठिकाणं, दुसऱ्या बाजूला हैदराबादची 9. शुक्रवारी निघायचं, रविवारी रात्री घरी. सोबत सहावीतला मुलगा, तिसरीतली मुलगी आणि 68 वर्षांच्या सासूबाई. गुडघे दुखतात, पण त्यांनाही यायचं आहे.

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यातलं, पांढरकवड्याजवळचं. राष्ट्रीय महामार्ग 44 इथूनच जातो, त्यामुळे हा प्रश्न आमच्याकडे दर हिवाळ्यात कुणाच्या ना कुणाच्या घरी निघतो. उत्तरेला गेलं की दीडशे किलोमीटरवर नागपूर, दक्षिणेला गेलं की साडेतीनशेच्या आसपास हैदराबाद. दोन्हीकडे मी लेकरं-म्हाताऱ्यांना घेऊन गेले आहे. तिला जे सांगितलं तेच इथे जरा सविस्तर लिहिते, कारण असं पान बऱ्याच घरांत तयार होत असेल.

ठिकाणं मोजण्याआधी तास मोजावेत. पान करणारे सगळे "तीन दिवस" म्हणतात, आणि इथेच गणित चुकतं. आमच्या गावातून मुक्कामी गाडी, म्हणजे रात्री गावातच थांबणारी एसटी, सकाळी सहाला सुटते. सातपर्यंत पांढरकवडा, तिथून नागपूरची गाडी, हिंगणघाट, बुटीबोरी करत गणेशपेठच्या बसस्थानकावर उतरायला अकरा वाजतात. लॉज, हातपाय धुणं, जेवण यात एक वाजतो. परतताना सांजेची मुक्कामी गाडी चुकली तर पांढरकवड्यातून गावापर्यंत ऑटो करावा लागतो, म्हणून रविवारी नागपूर एक-दीडला सोडावंच लागतं. म्हणजे शुक्रवारची दुपार, शनिवार आणि रविवारची सकाळ मिळून चार अर्धे दिवस हाती येतात. त्यात 11 ठिकाणं बसवायची होती.

हैदराबादचं उलट आहे. बसने सात-आठ तास धरा. आदिलाबादकडून गेलेल्या गाडीने सिकंदराबादच्या जुबिली बसस्थानकावर पोचेपर्यंत शुक्रवार संपत आलेला असतो. रविवारी परतीची गाडी सकाळीच धरावी लागते. हाती पूर्ण असा शनिवार तेवढा उरतो. रात्रीच्या ट्रॅव्हल्सने जाऊन वेळ वाचतो असं लोक सांगतात, आणि तो वाचतोही. पण महामार्गावरच्या ढाब्यापाशी रात्री अकराला गाडीची वाट पाहणारी लेकरं दुसऱ्या दिवशी चारमिनारपाशी पायरीवर बसून झोपतात. हे मी पाहिलंय.

पैशाची एक गोष्ट तिच्या घरात कुणाला माहीत नव्हती. मार्च 2023पासून एसटीत सगळ्या बायकांना अर्धं तिकीट आहे. 5 ते 12 वर्षांच्या मुलांना अर्धं, 65 ते 75 वयाच्या ज्येष्ठांना अर्धं आणि 75च्या पुढे पूर्ण मोफत. आधार कार्ड तेवढं जवळ ठेवायचं. म्हणजे तिच्या पाच जणांत पूर्ण तिकीट नवऱ्याचं एकट्याचंच. ही सवलत महाराष्ट्राच्या हद्दीपुरती आहे. पैनगंगेचा पूल ओलांडला की ती संपते. तेलंगणातही बायकांना बस मोफत आहे, पण तिथल्या रहिवासी बायकांना, आपल्याला नाही. दोन शहरांच्या खर्चातला पहिला मोठा फरक हा. दुसरा फरक शहरात फिरण्याचा, पण त्याआधी आमच्या घरची गोष्ट सांगते, कारण माझं मत तिच्यातून तयार झालंय.

सात वर्षांपूर्वी आम्हीही असंच पान केलं होतं. दीक्षाभूमी, अजब बंगला, महाराजबाग, फुटाळा आणि अंबाझरी हे तलाव, कामठीचं ड्रॅगन पॅलेस हे बुद्धविहार, रामटेक आणि शेवटी बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, खरेदी. नऊ माणसं, दोन ऑटो, प्रत्येक ठिकाणाला अर्धा तास. माझ्या सासूबाईंनी आयुष्यात एकच गोष्ट मागितली होती: दीक्षाभूमीवर जायचं. त्यांचे वडील 14 ऑक्टोबर 1956ला तिथे होते, बाबासाहेबांनी लाखो लोकांसोबत धम्म स्वीकारला त्या दिवशी. घरी कुणाचं लग्न असो की बारसं, ती गोष्ट एकदा तरी निघायची. आणि आम्ही त्यांना तिथे वीस मिनिटं दिली, कारण ऑटोवाला बाहेर थांबला होता आणि पुढे कामठीला जायचं होतं. कामठीला त्या ऑटोतून उतरल्याच नाहीत. "तुम्ही पाहून या, मी बसते," म्हणाल्या. रामटेकच्या पायऱ्यांवरही तेच. घरी आल्यावर पोराला विचारलं काय आवडलं, तर तो ऑटोच्या पंक्चरबद्दल बोलला.

पुढच्या हिवाळ्यात फक्त आम्ही चौघं परत गेलो. त्या वेळी ठरवलं, अर्ध्या दिवसात एकच ठिकाण. सासूबाई स्तूपाच्या त्या मोठ्या पोकळ घुमटाखाली दीड तास बसल्या. नंतर बोधिवृक्षापाशी. वडिलांबद्दल आम्ही कधी न ऐकलेल्या दोन गोष्टी त्यांनी तिथे नातवाला सांगितल्या. त्या आता नाहीत. ती दुसरी खेप झाली नसती तर काय राहून गेलं असतं हे आठवलं की आजही जीव कसानुसा होतो.

म्हणून नागपूरकडे मी एकाच कारणाने झुकते: ते जवळ आहे, आणि जवळच्या शहरात काही सोडून देता येतं. रामटेक राहिलं? पुढच्या वर्षी. हैदराबादला मात्र "आता आलोच आहोत तर" हे वाक्य सकाळी चहापासून सुरू होतं आणि रात्री जेवताना थांबतं. एवढं लांब आलो, एवढे पैसे घातले, मग गोवळकोंडा कसा सोडायचा, रामोजी कसं सोडायचं? लांबच्या शहरात हाव आपोआप वाढते. माणूस वाईट नसतो, अंतरच तसं वागायला लावतं.

नागपूरचं सैल नियोजन प्रत्यक्षात असं बसतं. लॉज सीताबर्डीच्या आसपास घ्यावा, कारण मेट्रोच्या दोन्ही लाइनी तिथेच एकमेकींना छेदतात. बसस्थानकाजवळ कॉटन मार्केटचं मेट्रो स्टेशन झालं आहे, त्यामुळे सामान घेऊन ऑटोवाल्याशी घासाघीस करण्याचं कामही कमी झालं. लेकरांसाठी मेट्रो हीच एक सहल आहे. बर्डीहून लोकमान्य नगरच्या गाडीत बसवा, वाटेत अंबाझरीचं पाणी खिडकीतून दिसतं, शेवटपर्यंत जाऊन त्याच लाइनीने परत या. आजीलाही चालावं लागत नाही, लिफ्ट आहे, बसायला जागा आहे.

अजब बंगला, म्हणजे मध्यवर्ती संग्रहालय, 1863 सालचं. तिथे लेकरांना सकाळी न्यावं, पोटभर तर्री पोहे खाऊन. पेंढा भरलेले प्राणी-पक्षी, जुनी शस्त्रं, दगडी मूर्ती, आदिवासींच्या वस्तू. आमचा पोरगा शस्त्रांपाशी पाऊण तास उभा होता आणि कुणी त्याला "चल" म्हटलं नाही. सोमवारी ते बंद असतं, हे पान करताना बघा. सीताबर्डीचा किल्ला बऱ्याच याद्यांमध्ये असतो. 1817ची भोसले आणि इंग्रजांची लढाई तिथलीच. पण तो लष्कराच्या ताब्यात आहे आणि सामान्य माणसाला 26 जानेवारी, 1 मे आणि 15 ऑगस्ट असे तीनच दिवस उघडतो. इतर दिवशी तो यादीतून काढलाच पाहिजे. संध्याकाळ फुटाळ्याच्या काठावर. काहीही न करता तिथे दोन तास बसता येतं, भाजलेलं कणीस खात. जेवणाला सावजी खायचं असेल तर तिखटाचा अंदाज घेऊन. आपल्याकडचं तिखट खाणाऱ्यालाही ते लागतं, लेकरांसाठी वेगळं काही मागवा.

नागपूरला जायची वेळही सांभाळावी लागते. वेचणीच्या मधला काळ म्हणजे बहुधा डिसेंबर, आणि डिसेंबरात विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन. लॉज भरलेले, मोर्चे निघालेले, रस्ते बंद. आधी फोन करून खोली पक्की केल्याशिवाय निघू नये. दसऱ्याला दीक्षाभूमीवर लाखोंचा जनसमुदाय असतो. त्यासाठीच जाणार असाल तर जा, तो अनुभव वेगळाच आहे, मग त्या खेपेत दुसरं काही धरू नका. आणि उन्हाळ्यात नकोच. मे महिन्यात पारा 45च्या पुढे जातो, सकाळी दहानंतर लेकरांना घेऊन बाहेर पडणं धोक्याचं.

आता हैदराबाद. त्याच्यावर अन्याय करायचा नाही, कारण पाहायला ते नागपूरपेक्षा मोठं आणि जुनं शहर आहे. तसं आपलं नातंही जुनं. वऱ्हाड कागदोपत्री निजामाचा मुलूख होता, इंग्रज कारभार पाहत होते. चारमिनार 1591चा. त्याच्या पायथ्याशी लाडबाजारात लाखेच्या बांगड्या, शेजारी मक्का मशीद. मुसी नदीच्या काठावर सालारजंग संग्रहालय. तिथलं एक घड्याळ पाहायला दर तासाला लोक जमतात, आतून एक छोटा माणूस बाहेर येऊन तासाचे ठोके देतो. आमच्या पोराने ते दोनदा पाहिलं.

हे सगळं एकमेकांपासून फार लांब नाही. म्हणून हैदराबादला एकच दिवस असेल तर जुनं शहर, बस्स. सकाळी सालारजंग, दुपारनंतर चारमिनार, संध्याकाळी बांगड्या. जुबिली बसस्थानकाहून मेट्रोची हिरवी लाइन थेट महात्मा गांधी बसस्थानकापर्यंत जाते, तिथून ऑटोने चारमिनार जवळ. गोवळकोंडा शहराच्या पश्चिमेला, चढ मोठा. खाली दरवाजात टाळी वाजवली की वर किल्ल्यावर ऐकू येते, हे लेकरांना दाखवण्यासारखं आहे, पण आजीच्या गुडघ्यांना नाही. रामोजी फिल्म सिटी शहराबाहेर, तिला एक आख्खा दिवस जातो आणि तिकीटही जड. दोन रात्रींत ती धरली तर हैदराबाद पाहिलंच नाही असं होतं. शुक्रवारी सालारजंग बंद असतं, आणि त्याच दिवशी दुपारी मक्का मशिदीत नमाजाची मोठी गर्दी. शुक्रवारी निघणाऱ्याला त्याने फरक पडत नाही, गुरुवारी निघणाऱ्याला पडतो.

माझं मत असं की हैदराबादला तीन रात्रींहून कमी जाऊच नये. तीन रात्री असतील, सोबत म्हातारं माणूस नसेल किंवा असलेलं माणूस चालणारं असेल, लेकरं दहाच्या पुढची असतील, तर नक्की जा. एक दिवस जुनं शहर, एक दिवस गोवळकोंडा आणि संध्याकाळी हुसेनसागर. तेवढंच. दोन रात्री असतील तर नागपूर, आणि त्यातही चारच गोष्टी.

एक गोष्ट दोन्ही शहरांना सारखीच लागू. फिरायला जाताना कामं जोडू नका. आपल्याकडे सवयच आहे: जातोच आहोत तर आजीला डॉक्टरला दाखवून घेऊ, जातोच आहोत तर गांधीबागेतून ताईच्या लग्नाचा बस्ता बांधून आणू. बस्ता बांधायला आख्खा दिवस लागतो, दुकानात दहा माणसं बसतात, लेकरं कापडाच्या ठाणांवर लोळतात आणि भांडणं होतात. दवाखान्याचं तर विचारूच नका, नंबर कधी लागेल त्याचा भरवसा नाही. ही कामं खरी आहेत, करावीच लागतात, पण त्यांची खेप वेगळी करा. एसटीचं अर्धं तिकीट त्यासाठीच कामाला येतं.

इतकं सगळं ऐकून तिने पान माझ्यासमोर ठेवलं. मी म्हटलं, पहिली खूण तुझ्या सासूला करू दे. तिने घरी जाऊन विचारलं. सासूबाईंनी टेकडीच्या गणपतीचं नाव घेतलं, बर्डीजवळच आहे, पायऱ्याही थोड्या. मुलाने अजब बंगला म्हटलं, मुलीने मेट्रो. नवऱ्याला फुटाळा. झाली चार. उरलेल्या सातांवर तिने रेघ मारली नाही, पानाच्या मागे उतरवून ठेवली. "किल्ला सव्वीस जानेवारीले पाहू," म्हणाली.

मग थोडी घुटमळली. गाय नुकतीच व्यालेली, दोन दिवस धार कोण काढणार, हा प्रश्न तिच्या मनात सुरुवातीपासून होता आणि तो पानावर कुठेच नव्हता. मी म्हटलं, चारापाणी तुझा दीर पाहील, धारेले मी येईन दोन्ही वेळा.